सगळ्यात भारी कोण? लातूरच्या कोर्टावर इंडियानाचा वाद

[दृश्य : संध्याकाळ. सिमेंटचं कोर्ट. रिंगला जाळी नाही. आधी चेंडूचा आवाज, मग मुलं.]

निवेदन :

लातूरमधल्या या शाळेच्या मैदानावर रोज साडेपाचला पाणी मारतात. दोनच बादल्या, तेही कडेच्या मातीवर, वाऱ्यानं धूळ कोर्टावर येऊ नये म्हणून. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं शहराला पाणी यायचं, तेव्हा त्या दोन बादल्याही बंद होत्या. मुलं धुळीतच खेळली. मीही याच कोर्टावर खेळून मोठा झालो. माझ्या गुडघ्यावरचा व्रण इथल्याच सिमेंटचा आहे.

सराव संपला की मुलं पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसतात आणि वाद घालतात. क्रिकेटवर नाही, निवडणुकीवर नाही. विषय असतो अमेरिकेतल्या इंडियाना राज्याची हायस्कूल बास्केटबॉल स्पर्धा. 1911 पासून चालत आलेली. तिच्या इतिहासातला सगळ्यात भारी खेळाडू कोण?

हे खूळ आमच्या सरांचं. पावसात कोर्ट ओलं असलं की सर वर्गात बसवून या स्पर्धेच्या गोष्टी सांगायचे. आम्हाला त्या पटकन कळायच्या, कारण तिथली शिडी आपल्यासारखीच आहे. आपल्याकडे शालेय स्पर्धेत आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. तिकडे सेक्शनल, रिजनल, सेमी-स्टेट आणि स्टेट. हरला की घरी. आणि 1997 पर्यंत तिथं एक गोष्ट अशी होती, की ती ऐकून आमच्यातल्या खेड्यावरून येणाऱ्या पोरांचे डोळे चमकायचे. राज्यातल्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत खेळायच्या. एके काळी सातशेहून जास्त शाळा आणि विजेता एक. मोठ्या शहरातली दोन हजार विद्यार्थ्यांची शाळा आणि गावातली दीडशे विद्यार्थ्यांची शाळा एकाच कोर्टावर समोरासमोर.

[दृश्य : भिंतीवर खडूनं लिहिलेली नावं. काही पुसट, काही ताजी.]

या भिंतीवर उमेदवारांची नावं आहेत. वर्षं जातात, पोरं बदलतात, पावसानं नावं धुऊन निघतात आणि जून उजाडला की कुणीतरी ती पुन्हा लिहितं.

लॅरी बर्डचं नाव दर वर्षी कुणीतरी लिहितं आणि दर वर्षी ते खोडलं जातं. बर्ड इंडियानाचाच, फ्रेंच लिक नावाच्या छोट्या गावचा, पुढे एनबीएचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, महान खेळाडू. पण प्रश्न या स्पर्धेचा आहे, आणि राज्याच्या अंतिम फेरीपर्यंत त्याची शाळा त्याच्या काळात पोचलीच नाही. जॉन वुडनचं नाव मात्र टिकतं. प्रशिक्षक म्हणून त्याला जग ओळखतं, पण त्याआधी, 1927 मध्ये, तो मार्टिन्सविल शाळेकडून ही स्पर्धा जिंकला होता. तरी त्याच्या बाजूनं जोरात बोलणारं पोरगं मी अजून पाहिलं नाही. फार जुना, त्याचा खेळ कुणी पाहिलेला नाही, म्हणतात.

खरा वाद चौघांत.

पहिला बॉबी प्लंप. मायलन शाळा, 1954.

मायलन हे तेव्हा हजार-अकराशे वस्तीचं गाव. आपल्याकडं एवढ्या वस्तीला मोठं गावही म्हणत नाहीत. त्या गावाची शाळा राज्याच्या अंतिम सामन्यात पोचली आणि समोर आली मन्सी सेंट्रल, याआधी चार वेळा राज्य जिंकलेली. इंडियानापोलिसचं बटलर फील्डहाउस खच्चून भरलेलं. चौथ्या क्वार्टरमध्ये मायलन दोन गुणांनी मागं, 26 विरुद्ध 28. आणि अशा वेळी प्लंप चेंडू हातात धरून उभा राहिला. नुसता उभा. चार मिनिटं तेरा सेकंद.

[दृश्य : एक मुलगा कोर्टाच्या मध्यावर चेंडू धरून उभा. बाकीचे बघताहेत. आवाज नाही.]

मागं असलेला संघ वेळ कसा काढेल? त्या काळी तिथं शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायलाच हवा असं बंधन, नव्हतं, म्हणून नियमात बसलं. पण डोक्यात कसं बसलं? सर सांगायचे, मन्सीची पोरं उंच आणि ताकदीची होती. सामना पळापळीचा झाला असता तर मायलनचा दम निघाला असता. सामना थंड ठेवायचा, दोन गुणांचा फरक वाढू द्यायचा नाही आणि शेवटच्या काही मिनिटांवर सगळं आणून ठेवायचं. सव्वीस वर्षांचे प्रशिक्षक मार्विन वूड यांची ती चाल होती. बरोबरी झाली, मायलन पुढं गेलं, मन्सीनं पुन्हा गाठलं. 30-30. शेवटचा चेंडू पुन्हा प्लंपकडे. बाकीचे चौघे एका बाजूला सरकले, त्याला मोकळी वाट दिली, त्यानं उजवीकडे झेप घेतली आणि साधारण पंधरा फुटांवरून उडी मारून चेंडू टाकला. मायलन 32, मन्सी सेंट्रल 30.

यावर पुढे सिनेमा निघाला, म्हणून जगाला ही गोष्ट चमत्कारासारखी वाटते. आमच्या कट्ट्यावर तिला चमत्कार म्हटलेलं चालत नाही. आदल्या वर्षी, 1953 मध्येही, मायलन राज्याच्या शेवटच्या चार संघांत होतं. हे फार कमी लोक सांगतात. प्लंपच्या बाजूची पोरं हाच मुद्दा लावून धरतात. एका वर्षाचं नशीब असतं, लागोपाठ दोन वर्षांची तयारी असते. निलंगा तालुक्यातून येणारा एक मुलगा रोज एसटीनं चाळीस किलोमीटर ये-जा करतो. त्याचं मत कायम प्लंपला. ते का, हे त्याला विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

दुसरा डेमन बेली. याच्याबद्दल बोलताना मुलं आकडे सांगतात, आणि आकडे आहेतही तसे. तो आठवीत असताना इंडियाना विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक बॉब नाइट त्याचा खेळ बघायला गेले होते. आठवीत! हायस्कूलच्या चार वर्षांत त्यानं 3,134 गुण केले, तो राज्याचा विक्रम ठरला. 1990 चा अंतिम सामना हूझियर डोममध्ये झाला आणि शाळकरी पोरांचा खेळ बघायला 41,046 माणसं आली. बेलीची शाळा बेडफर्ड नॉर्थ लॉरेन्स 63-60 नं जिंकली. त्याचे 30 गुण, आणि संघाचे शेवटचे 11 गुण एकट्याचे.

प्लंपवाले लगेच म्हणतात, हायस्कूलच्या खेळात लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देणारी रेषा आली 1987 मध्ये, बेलीला तिचा फायदा मिळाला. बेलीवाले म्हणतात, आणि प्लंपला शॉट क्लॉक नसल्याचा मिळाला, त्याचं काय? इथं दहा-पंधरा मिनिटं कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही.

तिसरा ग्रेग ओडन. सात फुटांचा. लॉरेन्स नॉर्थ शाळा, जोडीला माइक कॉन्ली, 2004, 2005 आणि 2006, सलग तीन विजेतेपदं. पुढे 2007 मध्ये एनबीएच्या निवडीत पहिलं नाव त्याचंच. गुडघ्यांनी दगा दिला आणि तिथली त्याची कारकीर्द 105 सामन्यांत आटोपली. पण ते नंतरचं. शाळेत असताना त्याला अडवणं कुणाला जमलं नाही.

मी ओडनला चौथ्या जागी ठेवतो. त्यात त्याचा दोष नाही. 1997-98 च्या हंगामापासून इंडियानानं शाळांचे विद्यार्थिसंख्येप्रमाणे चार गट पाडले. लहान शाळा लहान शाळांशी खेळणार, मोठ्या मोठ्यांशी. हेतू चांगला होता, लहान गावांनाही करंडक उचलायला मिळावा. मिळालेही. पण मायलन आणि मन्सीची गाठ आता पडत नाही. आपल्याकडं अजून 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे वयाचेच गट आहेत, पटसंख्येचे नाहीत. तांड्यावरच्या शाळेची पोरं तालुक्याला येतात आणि ज्यांच्याकडं लाकडी कोर्ट आहे त्यांच्यासमोर उभी राहतात. बहुतेक वेळा मोठ्या फरकानं हरतात. मी हरलेलो आहे, ते दुखतं. तरी गट पाडा असं मला कधी वाटलं नाही.

[दृश्य : धूळ उडते आहे. मावळतीचा उजेड तिच्यातून येतो आहे.]

चौथं नाव ऑस्कर रॉबर्टसन.

या नावापाशी मला थांबायचं आहे.

इंडियानापोलिसमध्ये ऑस्कर लहानाचा मोठा झाला तिथं मुलांच्या खेळण्याच्या मैदानाला ‘डस्ट बाउल’ म्हणायचे. धुळीचा वाडगा. घरी चेंडू घ्यायला पैसे नव्हते. टेनिसचा चेंडू किंवा रबरबँडनं बांधलेल्या चिंध्यांचा गोळा करून तो घरामागं लावलेल्या फळांच्या टोपलीत टाकायचा. 1891 मध्ये नेस्मिथनं हा खेळ शोधला तोही फळांच्या टोपल्या लावूनच.

त्याची शाळा होती क्रिस्पस ॲटक्स. 1927 मध्ये उघडलेली. 1920 च्या दशकात इंडियानात कू क्लक्स क्लान या गोऱ्या वंशवाद्यांच्या संघटनेचा जोर होता आणि शहरातल्या काळ्या मुलांना गोऱ्यांच्या हायस्कुलांतून बाहेर काढून एका जागी बसवण्यासाठी ही शाळा बांधली गेली. वेगळं काढण्यासाठी बांधलेल्या त्या इमारतीत उत्तम शिकलेले काळे शिक्षक आले. त्यांना दुसरीकडं नोकऱ्या मिळत नव्हत्या, म्हणून त्यांचं सगळं ज्ञान या मुलांच्या वाट्याला आलं. 1950 मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढे नागसेनवन फुललं, तिथं शिकलेली माणसं आमच्या घरी आहेत. शाळा काय करू शकते हे मी त्यांच्याकडून ऐकत आलो आहे, त्यामुळं ॲटक्सची गोष्ट मला दूरची वाटली नाही.

1942 पर्यंत या शाळेला राज्य स्पर्धेत प्रवेशच नव्हता. म्हणजे ‘सगळ्यांसाठी एकच स्पर्धा’ असं मी मघाशी म्हणालो ना, त्यातले ‘सगळे’ तेव्हा सगळे नव्हते. प्रवेश मिळाल्यावरही शाळेची व्यायामशाळा इतकी लहान, की तिथं सामने भरवता येत नव्हते. प्रत्येक सामना दुसऱ्याच्या दारात.

1954 मध्ये ऑस्कर दहावीत होता. त्या वर्षी सेमी-स्टेटमध्ये ॲटक्सला हरवलं कुणी? मायलननं. 65-52. प्लंप आणि ऑस्कर समोरासमोर आले, आणि त्या दिवशी प्लंप जिंकला. कट्ट्यावर प्लंपवाले हा हुकमाचा पत्ता शेवटी टाकतात.

पण पुढचं वर्ष बघा. 1955 च्या सेमी-स्टेटला समोर तीच मन्सी सेंट्रल. एका गुणाचा फरक, काही सेकंद शिल्लक, चेंडू मन्सीकडे. ऑस्करनं पास मध्येच पकडला. ॲटक्स 71, मन्सी 70. अंतिम सामन्यात गॅरी रूझवेल्टला, तीही काळ्या मुलांची शाळा, 97-74 नं हरवलं. अख्ख्या देशात काळ्या विद्यार्थ्यांच्या शाळेनं सर्वांसाठी खुली असलेली राज्य स्पर्धा जिंकण्याची ती पहिली वेळ. इंडियानापोलिस शहरातल्या कुठल्याही शाळेनं हा करंडक त्याआधी आणलेला नव्हता, तोही यांनीच आणला.

विजेत्यांची मिरवणूक शहराच्या मध्यावरच्या स्मारक चौकात न्यायची, तिथं जल्लोष करायचा, ही रीत. ॲटक्सच्या मुलांना चौकातून एक फेरी मारून पुढं काढलं आणि काळ्या वस्तीतल्या बागेकडं पाठवलं. जल्लोष तिकडं करा. सोळा-सतरा वर्षांचा ऑस्कर त्या रात्री लवकर घरी निघून गेला. हे दुःख त्यानं पुढं आयुष्यभर बोलून दाखवलं. मिरवणूक कुठल्या रस्त्यानं न्यायची यात काय काय दडलेलं असतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

[दृश्य : मुलं गप्प. चेंडू एकाच्या पायापाशी.]

आणि 1956. ॲटक्सनं 31 सामने खेळले आणि 31 जिंकले. एकही सामना न हरता राज्य जिंकणारा इंडियानातला तो पहिला संघ. अंतिम सामन्यात लफायेट जेफर्सनवर 79-57 नं मात केली, त्यात ऑस्करचे 39 गुण. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. माझे आजोबा तेव्हा शाळकरी होते. ऑस्करचं नाव त्यांच्या कानावर पडण्याचं कारण नव्हतं. मी मात्र त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘मग पुढच्या वर्षी चौकात थांबू दिलं का त्याला?’

माझं मत ऑस्करला. तो पुढं रोम ऑलिम्पिकचं सुवर्ण जिंकला, एनबीएच्या एका अख्ख्या हंगामात त्यानं गुण, रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) आणि असिस्ट (गुण मिळवून देणारा पास) या तिन्हींत सरासरी दोन आकड्यांत ठेवली, म्हणून हे मत नाही. शाळेतली दोन विजेतेपदं पुरेशी आहेत. प्लंपला मन्सीला हरवायचं होतं, बेलीला चाळीस हजारांच्या अपेक्षांना पुरं पडायचं होतं. ऑस्कर आणि त्याच्या सवंगड्यांना ज्या शहरासाठी करंडक आणायचा होता, त्याच शहराला तो त्यांच्या हातात बघायचा नव्हता. तरी त्यांनी दोनदा आणला.

[दृश्य : कट्टा. मुलींचा संघ सराव संपवून येतो.]

हे चित्रीकरण चालू असताना मुलींच्या संघाचा खेळ चालवणारी एक पॉइंट गार्ड भिंतीसमोर उभी राहून नावं वाचत होती. मग म्हणाली, ‘सर, यात एकबी पोरगी नाही की!’

कट्टा गप्प झाला. इतकी वर्षं आम्ही हा वाद घालतो आहोत, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेंना खो-खोसाठी 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा याच कट्ट्यावर पेढे वाटले होते, तरीही नाही.

सरांना उत्तर माहीत होतं. इंडियानात मुलींची राज्य स्पर्धा सुरू झाली 1976 मध्ये, मुलांच्या पासष्ट वर्षांनंतर. पहिला करंडक वॉर्सा शाळेनं नेला. त्या संघाची सूत्रं होती जुडी वॉरेनकडे, इंडियानाची पहिली ‘मिस बास्केटबॉल’, म्हणजे राज्यातली सर्वोत्तम शालेय खेळाडू. उंचीनं अगदी कमी, पाच फुटांच्या जरा वर.

‘माझ्याएवढीच की मग,’ मुलगी म्हणाली. तिनं कट्ट्यावरचा खडू उचलला, प्लंपच्या आणि ऑस्करच्या नावांच्या वर जागा शोधली, टाचा उंचावल्या आणि हात पुरेना म्हणून एका मुलाला पाण्याची बादली पालथी घालायला लावली.

[दृश्य : बादलीवर उभी मुलगी. खडूचा आवाज. भिंतीवर अक्षरं उमटतात : जुडी वॉरेन.]