पिवळ्याखालचा काळा

(डिचोलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

टेबलावरची ही छोटी गाडी, म्हणजे मी केलेलं मॉडेल, मागच्या रांगांतून दिसत नसणार, म्हणून पडद्यावर तिचे फोटो लावले आहेत. प्रत्यक्षात ती वीतभरही नाही, जेमतेम १८ सेंटिमीटर. बुलेट ३५०, अंगानं काळी, पुढचं मडगार्ड पिवळं. बाहेरगावचा माणूस हा फोटो बघून विचारतो की एवढा एकच भाग वेगळ्या रंगाचा का. इथं कुणी विचारणार नाही. पायलटची गाडी, म्हणजे आपल्या गोव्यात भाड्यानं पॅसेंजर नेणारी मोटरसायकल. माझे बाबा म्हापशाला पायलट होते आणि ही त्यांची गाडी आहे. मी नोकरीला लागलो त्या वर्षी त्यांनी ती विकली. आज बाबाही नाहीत. घरात गाडीचे तीन फोटो आहेत, तिन्ही कुणा ना कुणाच्या लग्नातले, आणि तिन्हींत गाडी माणसांच्या मागं अर्धी झाकलेली.

मॉडेलांचा नाद मला त्याआधीपासूनचा. पहिलं केलं ते जपानच्या तामिया कंपनीचं १:१२ मापाचं किट. चौकटीला चिकटलेले प्लॅस्टिकचे सुटे भाग, ते कापायचे, घासायचे, जोडायचे. जोडायला जे द्रावण वापरतात ते चिकटवत नाही. ते दोन्हीकडचं प्लॅस्टिक जरासं विरघळवतं आणि उडून जातं, मागं सांधा एकजीव होऊन राहतो. किटनं मला हात दिला, शिस्त दिली. पण म्हापशाच्या बाजारात उभी असलेली बुलेट कुठल्याही डब्यात मिळत नाही. ती प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून, पितळेच्या नळीतून, तारेतून स्वतः करावी लागते. मला तीन वर्षं लागली.

मापाचं थोडं सांगतो. बारा इंचांचा एक फूट, म्हणून १:१२ मध्ये खऱ्या गाडीवरचा फूट मॉडेलवर इंच होतो. बुलेटचा आराखडा मूळचा इंग्लंडमधल्या रेडिचचा, इंचांत आखलेला, त्यामुळे हे माप तिला छान बसतं. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली, गाडी आपल्याकडे तयार होऊ लागली, पण तिचा मूळ साचा पुढची कित्येक दशकं फारसा बदलला नाही. म्हणून बाबांची गाडी गेलेली असूनही तिच्या वयाची दुसरी गाडी शोधून मला टेप आणि व्हर्नियर लावता आला. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर १३७० मिलिमीटर. भागिले बारा, ११४.

लांबी बारा पट कमी झाली की आकारमान मात्र बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १७२८ पट कमी होतं. ३४६ सीसीचं इंजिन ०.२ सीसीचं होतं. पाण्याचे चार थेंब. चौदा लिटरची टाकी औषधाच्या दीड चमच्यात मावते. आणि साधारण १६५ किलोंची गाडी, अगदी त्याच लोखंडातून केली तरी, शंभर ग्रॅमच्या आत येते. या शेवटच्या आकड्यानं मला फार छळलं. खरी गाडी जमिनीवर बसते. तिचं टायर खाली दबतं, मागचे शॉकअब्सॉर्बर थोडे खचतात. शंभर ग्रॅमच्या गाडीचं टायर कशानं दबणार? ती जमिनीला नुसती टेकते. सगळे भाग बिनचूक असूनही मॉडेल खेळण्यासारखं का दिसतं, याचं निम्मं उत्तर इथं आहे. मी दोन्ही टायरांचा तळ पॉलिश पेपरवर घासून सपाट केला आणि मागचे शॉकअब्सॉर्बर २ मिलिमीटरनं आखूड केले. त्याबरोबर गाडी बसली. ती साइड स्टँडवर डावीकडे कललेली आहे तेही मुद्दाम. मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी राहतं, शिवाय पायलट मेन स्टँड लावून बसत नाही. पॅसेंजर आला की निघायचं असतं.

चाकांकडे बघा. एका चाकाला चाळीस तारा, दोन्ही मिळून ऐंशी. खरी तार बारानं भागली की साधारण ०.३ मिलिमीटर येते. एवढी बारीक, सरळ आणि ताठ तार कुठं मिळणार? गिटारची सगळ्यांत पातळ तार. गोव्यात तिची वाण नाही. फक्त ती कडक पोलादाची असते, साध्या कटरनं तोडाल तर कटरच्या धारेला खाच पडेल. माझे दोन कटर असे गेले. तारा बसवायला मी प्लायवूडचा तुकडा घेतला, त्यावर चाकाचा नकाशा चिकटवला, मधोमध हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, खिळ्यानं रोवला, भोवती रिम, आणि रोज संध्याकाळी चार-पाच तारा. त्याहून जास्त केल्या की डोळे दगा देतात.

पहिलं चाक मी टाकून दिलं. त्यात तारा हबच्या मध्यातून सूर्याच्या किरणांसारख्या सरळ निघाल्या होत्या. दिसायला सुबक. पण खऱ्या चाकात तारा हबच्या कडेला स्पर्श करत तिरक्या निघतात आणि एकमेकींना छेदून जातात. चेननं हब फिरवला किंवा ब्रेकनं तो अडवला की ती ओढ रिमपर्यंत पोचवायची असते. सरळ तारांनी हब जागच्या जागी पिळला जाईल. तिरकी तार रिमला ओढून नेते. हे कळल्यावर दुसऱ्या चाकात मला नकाशाकडे फारसं बघावं लागलं नाही. कुठली तार कुठं जाणार ते आपोआप कळत गेलं.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. सिलिंडरच्या पट्ट्या म्हणजे पाव मिलिमीटर जाडीचे पत्रे, मोठा, लहान, मोठा, लहान असे एकावर एक रचलेले. सिलिंडर बिडाचा, वरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. म्हणून सिलिंडरवर पुट्टी पातळ करून ब्रशनं टिपली, खरखरीतपणा आला, वर मंद काळा. हेड चांदीच्या रंगाचं, पण मातकट. सायलेन्सरचा चकचकीतपणा हवा असेल तर आधी अगदी आरशासारखा काळा रंग द्यावा लागतो आणि मगच त्यावर क्रोमचा फवारा. खालचा काळा जितका नितळ तितका वरचा क्रोम खरा.

आता रंगाकडे येतो. याच्यासाठीच मी इथवर आलो.

पहिली गोष्ट आपल्या हवेची. टाकीचा काळा मी जुलैत फवारला. दहा मिनिटांत तिच्यावर दुधाळ पडदा आला. थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा त्या गार रंगावर बसून आत अडकतो. काळ्यावर तो सगळ्यांत उठून दिसतो. सगळा रंग घासून काढावा लागला. तेव्हापासून पावसाळ्यात फक्त कापणं, कानस, जुळवणी. रंगाचं काम दिवाळीनंतर, शिगम्यापर्यंत. गोव्यात मॉडेल करणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे, हे वेळापत्रक पाळा. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी चवथीचे हलते देखावे केले आहेत, नरकासुराचे सांगाडे वेल्ड केले आहेत. हात तुमच्याकडे आहे. फक्त नरकासुर पहाटे जाळायचा असतो, त्यामुळे तिथं थांबायची सवय लागत नाही.

दुसरी गोष्ट मडगार्डाची. पिवळा हा अंगानं पारदर्शक रंग आहे, खालचं काही झाकत नाही. म्हणून मॉडेल करणारे त्याच्याखाली आधी पांढरा देतात. मीही दिला. पांढऱ्यावर तीन पातळ हात पिवळ्याचे, वर चकाकी. मडगार्ड झेंडूसारखं झळकलं. मी ते हातात धरून आईला दाखवायला नेलं. आईनं चष्मा लावला, उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "सुंदर झालं आहे रे. पण ह्यांचा पिवळा हा नव्हे."

मी विचारलं, "मग कसा होता?"

"पाडाला लागलेल्या मानकुराद आंब्यासारखा. पिवळा, पण आत हिरवा राहिलेला."

मला आधी वाटलं, आई फोटोवरून बोलते आहे, फोटो जुने, रंग उडालेले. दोन दिवस मी तसाच राहिलो. मग आठवलं. बाबांनी गाडी घेतली तेव्हा ती साधी, खासगी, सगळी काळी होती. परवाना मिळाल्यावर त्यांनी अंगणात बसून मडगार्ड स्वतः रंगवलं होतं, ब्रशनं, कारखान्याच्या काळ्यावर थेट पिवळा. पांढरा अस्तर वगैरे कोण देतो? आणि काळ्यावर पातळ पिवळा दिला की तो हिरवट दिसतो. हे रंगकाम करणाऱ्या कुणालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं, फक्त ते मी बाबांच्या मडगार्डाला जोडून पाहिलं नव्हतं.

मी नवं मडगार्ड केलं. काळा दिला, वाळू दिला, त्यावर पिवळ्याचे दोन हात. हिरवट झाक आली. पण ब्रशचे फटकारे हवे होते, कारण ते बाबांच्या हाताचे होते. इथं माप आडवं येतं. मॉडेलवर ब्रशनं १ मिलिमीटरची रेघ ओढली तर ती खऱ्या गाडीवर १२ मिलिमीटर होईल, केरसुणीनं रंगवल्यासारखी. म्हणून मी ब्रशचे केस कापत कापत चारच ठेवले, पिवळ्यात किंचित तपकिरी मिसळला, आणि मडगार्डाच्या लांबीनं रेघा ओढल्या, इतक्या फिक्या की समोरून दिसत नाहीत, उजेड तिरका पडला तरच दिसतात. पडद्यावरचा हा फोटो तसा तिरक्या उजेडात काढला आहे. मडगार्डाच्या खालच्या टोकाला, जिथं चिखल लागतो आणि फडकं फिरतं, तिथं पिवळा झिजून काळा वर आला आहे. आईला पुन्हा दाखवलं. ती काही बोलली नाही. मडगार्ड तळहातावर घेऊन बसली.

त्यानंतर माझी कामाची रीतच बदलली. बाहेरून कसं दिसतं हे बघायच्या आधी मी विचारू लागलो की इथं काय घडलं. डाव्या बाजूची ही साडी गार्डची जाळी बघा. बायका एका बाजूला पाय सोडून बसत, पदर चाकात जाऊ नये म्हणून ती असते. खालच्या फळीवर मात्र झीज सगळीकडे सारखी नाही, पुढच्या कोपऱ्यावर जास्त आहे. उतरताना तिथं टाचेचा भार पडतो. बाजारात मी शुक्रवारी दोन तास उभा राहून बायका पायलटच्या मागून कशा उतरतात ते पाहिलं. टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे घासून रंग मंद झाला आहे, उजवीकडे थोडा अधिक. गिअर उजव्या पायात, तो गुडघा सतत हलतो.

एक काम राहिलं आहे. बाबांच्या किकचं रबर फाटलं होतं, त्यांनी त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. हे मला पक्कं आठवतं. पट्टी आतून बाहेर गुंडाळली होती की बाहेरून आत, ते आठवत नाही, आणि आईलाही सांगता येईना. म्हणून ज्या गाडीची मापं घेतली तिच्या मालकांना विनंती करून मी त्यांच्या किकवर पट्टी गुंडाळली. आठवडाभर ते तीच गाडी वापरत राहिले. पट्टीचं टोक सुटलं. मग उलट दिशेनं गुंडाळली. आज अकरावा दिवस, अजून घट्ट आहे. ०.१ मिलिमीटरची पट्टी कापून ठेवली आहे, या डबीत. महिनाभर तिकडची पट्टी टिकली की ही बसवीन.

आता टेबलाजवळ या. पाच-पाच जण या, घाई करू नका. टॉर्च इथं ठेवला आहे, मडगार्डावर तिरका धरा.