एक बोट उचललं की

(पडद्यावर: गच्ची, पत्र्यावर पाऊस, गिटारवर डावा हात)

कोल्हापूर, शिवाजी पेठ, जुलै महिना. पंचगंगेला पाणी चढायला लागलंय, कालपासून पाऊस काय थांबत नाही, आणि मी पत्र्याखाली बसून तासभर गिटारवर एकच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचा गट, वाजवतोय. ए मायनर. तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधला कप्पा), मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. सहावी जाड तार सोडायची, बाकी पाच वाजवायच्या. त्यातली सगळ्यात बारीक तार वाजतच नाहीये, नुसतं टक्क.

(जवळून: बोटांची टोकं)

ही खूण बघा, तारेचा वळ आहे. पहिले दोन आठवडे भाकरी मोडतानासुद्धा जाणवायचं, मग हळूहळू कातडी घट्ट होते. पण तार न वाजण्याचं कारण दुखणं नव्हतंच, माझी तर्जनी आडवी पडून शेजारच्या तारेला टेकत होती. अंगठा मानेच्या मागं घेतला, मनगट थोडं पुढं काढलं, नखं अगदी बारीक कापली, बोट उभं राहिलं आणि तार बोलली. आणि झर्रर्र असा आवाज येत असेल तर बोट फ्रेटच्या पट्टीपासून लांब पडलंय, अगदी पट्टीच्या मागं चिकटून दाबायचं, मग निम्म्या जोरात काम होतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, कारण यात माझा महिना गेला. गिटार घेतली त्या दुकानात मला ॲक्शन म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नाही. ॲक्शन म्हणजे तार लाकडापासून किती उंच आहे ते. माझी एवढी उंच होती की दाबून दाबून हात भरून यायचा आणि मला वाटायचं आपल्या बोटात ताकदच नाही. एका रिपेअरवाल्यानं ब्रिजवरची, म्हणजे तारा खाली जिथं अडकवतात तिथली, पांढरी पट्टी, सॅडल म्हणतात तिला, खालून घासून कमी केली आणि तीच गिटार हलकी झाली. पावसाळ्यात हवेतली ओल लाकडात मुरते, पुढची फळी फुगते, ॲक्शन अजून वर जाते. तेव्हा सोडून द्यायच्या आधी गिटार एकदा जाणकाराला दाखवा, आणि तोवर पहिल्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून बघा, दाबायला सोपं जातं.

(पडद्यावर: देवल क्लबची इमारत, रस्त्यावर छत्र्या)

आपलं गाव गाण्याचं आहे. देवल क्लब ही संगीताची संस्था १८८३ पासूनची, अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायले ते इथंच. ते गाणं एका स्वरामागून एक स्वर असं चालतं, मागं तंबोरा षड्ज-पंचम धरून असतो. कॉर्डमध्ये तीन वेगळे स्वर एकदम वाजतात. माझा कान घरच्या भजनावर वाढलेला, त्यामुळं मला ए मायनर, सी ही नुसती नावं वाटायची, त्यांचा गाण्याशी काय संबंध ते कळतच नव्हतं.

(पडद्यावर: खालची खोली, हार्मोनियम)

ते कळलं अण्णांमुळं. अण्णा गुरुवारी भजनी मंडळात पेटी वाजवतात. ए मायनरवरून सी वर जाताना मी दर वेळी तिन्ही बोटं उचलायचो, परत एकेक शोधून ठेवायचो, मिनिटाला जेमतेम ११ बदल. ते खालून ऐकत होते. वर येऊन म्हणाले, "काय वाजवतोयस ते सांग तरी." मी स्वर सांगितले. ते म्हणाले, "खाली चल."

पेटीवर त्यांनी पांढरी एकचा सा धरला, सा, ग, प तिन्ही एकदम दाबले. "ही तुझी सी." मग प वरचं बोट उचलून ध वर ठेवलं, सा आणि ग तसेच. "आणि ही ए मायनर. दोन स्वर तेच आहेत की रे, मग सगळा हात कशाला उचलतोस?"

मी गिटार घेऊन बघितलं. तर्जनी तीच जागा, मधलं बोट तीच जागा. फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून उचलायची आणि पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला न्यायची. ती उचलली की मोकळी झालेली तिसरी तार 'जी' हा स्वर देते, म्हणजे अण्णांचा प. दाबलेली असताना तीच तार ध होती! पेटीवर जे बोट हललं तेच इथं हलत होतं. मी अण्णांना चार वेळा वाजवून दाखवलं, त्यांनी पाचव्यांदा वाजवायला लावलं.

तेव्हापासून मी दोन कॉर्ड घेतल्या की आधी बघतो कोणतं बोट जागेवर राहणार आहे. तीन आठवड्यांत बदल ३४ वर गेले, मोबाइलवर मिनिट लावून मोजलेत. एफ अजून व्हायचीय, तिथं तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकावी लागते.

(पडद्यावर: गुरुवारची संध्याकाळ, टाळ)

आज अण्णांनी पेटी पांढरी एकमध्येच धरलीय, माझ्यासाठी. मी मागं भिंतीला टेकून बसलोय. ते मान हलवतात तेव्हा बदलायचं, असं ठरलंय. सी… सी… आता.