टीव्हीवर बातम्या सांगायच्या आहेत?

श्रोतेहो, नमस्कार. बारावीचे निकाल लागले की ओळखीतलं कुणीतरी मुलीला घेऊन माझ्याकडे येतं. "हिला अँकर व्हायचंय. आवाज छान आहे, वक्तृत्वाची बक्षिसं आहेत. कुठला क्लास लावू?" आवाज खरंच छान असतो, पुण्यात छान आवाजांना तोटा नाही. मी विचारते, "खडकवासला धरणातून आज किती पाणी सोडलंय गं?" आई मुलीकडे बघते, मुलगी मोबाइलकडे.

प्रश्न खोडसाळ वाटेल, पण समजा जुलै आहे, घाटमाथ्यावर पाऊस कोसळतोय आणि तुम्ही स्टुडिओत आहात. मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेल्याची ब्रेकिंग येते. नदीकाठचा रिपोर्टर बोलता बोलता थांबतो, चित्र गोठतं. मजकूर दाखवणाऱ्या प्रॉम्प्टरवर चारच ओळी होत्या, त्या वाचून झाल्या. कानातल्या इअरपीसमध्ये पीसीआरमधून, म्हणजे कार्यक्रमाच्या नियंत्रण कक्षातून, आवाज येतो, "लाइन तुटली, दोन मिनिटं भरून काढ." जिला माहिती आहे की पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं पाणी खडकवासल्यात उतरतं, चौघांची मिळून साठवण २९ टीएमसीच्या, म्हणजे २९ अब्ज घनफुटांच्या आसपास असली तरी खडकवासल्याची जेमतेम दोन, म्हणून ते चटकन भरतं आणि मुठेत पाणी सोडावं लागतं; एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर; २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं, ती सहज बोलत राहते. जिला माहिती नाही ती "आपण पाहू शकता, आपण पाहू शकता" करत बसते. गोठलेल्या चित्रात काय पाहायचं, कप्पाळ?

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. स्मिता पाटील, प्रदीप भिडे यांनी तिथे बातम्या वाचल्या. ठरलेल्या वेळेचं बातमीपत्र, समोर तयार मजकूर. २००७ मध्ये 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा' या वाहिन्या आल्या, दिवसभर बातम्या सुरू झाल्या आणि कागद कमी पडायला लागला.

वाचन येऊ नये असं मात्र नाही. प्रॉम्प्टर म्हणजे भिंगासमोरची तिरकी काच. खालच्या पडद्यावरची उलटी अक्षरं तिच्यात सुलटी दिसतात, कॅमेऱ्याला दिसत नाहीत. तुमचे डोळे ओळीबरोबर डावी-उजवीकडे पळाले की प्रेक्षकाला लगेच कळतं. आणि आकडे! विधानसभेच्या निकालाच्या दिवशी २८८ जागा, बहुमताला १४५, आघाड्या सारख्या बदलणाऱ्या. एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत ज्याचं अडतं, त्याचं त्या दिवशी काही खरं नाही. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक' असा पर्याय दिला तेव्हा केवढा गदारोळ झाला; स्टुडिओत अजून एकवीसच म्हणतात हो.

'चार'मधला च आणि 'चारा'मधला च वेगळे, जनतेचा ज आणि जनावराचा ज वेगळे. लिहिताना फरक दिसत नाही, बोलताना हवा. पण म्हणून सदाशिवपेठी नाक मुरडायचं नाही. मावळातल्या भातशेतकऱ्याचं बोलणं सुधारायला गेलात तर तो कॅमेऱ्यासमोर बोलणार नाही, बाइट देणार नाही, आणि त्यानं का द्यावा?

कोर्सचं म्हणाल तर फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, आणखीही ठिकाणी वर्ग चालतात. चौकशी करा, फी भरण्याआधी तिथे कॅमेऱ्यासमोर किती वेळ मिळतो ते विचारा. मराठी वाहिन्यांचे स्टुडिओ बहुतेक मुंबईकडे, पुण्यात ब्युरो, म्हणजे बातमीदारांचं कार्यालय. त्यामुळे इथल्या मुलांना माझा सल्ला एकच: आधी ब्युरोत रिपोर्टिंग करा. महापालिकेची सभा, ससूनचं आवार, मार्केट यार्डातले भाव, पालखीचा मुक्काम. नाहीतर मुंबईत डेस्कवर, म्हणजे बातम्या लिहितात तिथे जा. तुम्ही लिहिलेला व्हीओ, म्हणजे दृश्यांवरचं निवेदन, दुसरीच कुणी वाचते तेव्हा राग येतो, यायलाच हवा. पण बातमी कशी बांधतात ते तिथेच कळतं. पहाटेचं बुलेटिन, बुडालेली दिवाळी, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

कपड्यांचं दोन वाक्यांत. बारीक चौकडी कॅमेऱ्यात थरथरते. आणि मागे दुसरं चित्र बसवण्यासाठीचा हिरवा पडदा असेल तर आईची आवडती हिरवी साडी नेसू नका, तिच्या जागी नकाशा दिसेल.

वाहिनीवाले शोरील, म्हणजे कामाच्या नमुन्यांची चित्रफीत, मागतील तेव्हा दोन-तीन मिनिटांचंच द्या. पार्श्वसंगीत नको. आधी मंडईत उभं राहून, कागद न घेता, एका दमात मोबाइलवर केलेला वृत्तांत, वाचन त्यानंतर. नाव, गाव, छंद हे सगळं अर्जात असतंच, त्यात सुरुवातीची सेकंदं घालवू नका. थेट बातमीनं सुरू करा.