पाट माझ्यासाठी ठेवा

नमस्कार श्रोतेहो.

मी सुट्टीवर आलेला एक शिक्षक. घर मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या बाजूला. २०१८ पासून नोकरी शारजात, तिथल्या एका भारतीय शाळेत, विषय सामाजिक शास्त्र. आज तुम्हाला सुट्टीबद्दल सांगायचं आहे. पण सुट्टी लागल्यावरचं थोडंच. जास्त सांगायचंय ते सुट्टी लागायच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांबद्दल. परगावी नोकरी करणाऱ्या माणसाचं गाव त्या दिवसांत जितकं त्याच्याजवळ असतं, तितकं ते गावात उभं राहिल्यावरसुद्धा नसतं, असं मला वाटतं.

आमच्या तिथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि उन्हाळी सुट्टी लागते जूनच्या अखेरीला किंवा जुलैच्या सुरुवातीला. म्हणजे इथल्या शाळा पावसात उघडतात आणि आमच्या बंद होतात. जूनमध्ये तिकडे पारा बेचाळीस-पंचेचाळीसवर असतो. सकाळची प्रार्थना मैदानावरून हॉलमध्ये येते, पी.टी.चा तास वर्गात होतो. दुपारी घरी परतताना बसच्या खिडकीतून रस्त्याकडेला कामगार दिसतात, पुलाच्या सावलीत अंगाखाली पुठ्ठा घेऊन आडवे झालेले. १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायचं नाही, असा तिथला सरकारी नियम आहे. चांगला नियम आहे. पण त्या माणसांकडे बघताना मला नेहमी वाटतं, यातल्या कुणाच्या घरी आज नांगर धरायला माणूस नसेल?

सुट्टी जवळ आली की आधी वर्ग रिकामा व्हायला लागतो. शेवटच्या आठवड्यात विमानाची तिकिटं एवढी महाग होतात की पालक परीक्षा संपली की लगेच मुलांना घेऊन निघतात. बत्तीसच्या वर्गात एके दिवशी वीस मुलं, मग चौदा, मग नऊ. हजेरी घेताना एकेका नावापुढे "गावी गेला सर", "केरळला गेली सर" अशी उत्तरं येतात. आणि मागे राहतात ती बहुतेक करून न जाणारी मुलं. कुणाच्या वडिलांना रजा मिळालेली नसते. कुणाच्या घरी चौघांच्या तिकिटांचा हिशेब बसलेला नसतो. त्यांना कुणी हे मोठ्याने विचारत नाही, तीही सांगत नाहीत. माझा नियम असा की त्या शेवटच्या दिवसांत वेळ काढायचा म्हणून चित्रपट लावायचा नाही. ज्यांना जायला मिळत नाही त्यांना वर्षातला सगळ्यात चांगला तास मिळायला हवा, असं मी मानतो.

म्हणून तो मोसमी पावसाचा धडा मी तेव्हा घेतो. नववीच्या पुस्तकात तो पुढे येतो, पण मी आधी घेतो. फळ्यावर अरबी समुद्र काढतो, आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून निघालेला वाऱ्याचा बाण ओमानच्या बाजूने वळवून थेट सह्याद्रीवर आणून सोडतो. एका वर्षी एका मुलाने बोट वर केलं. म्हणाला, "सर, वारा आपल्या इतक्या जवळून जातो. मग आपल्याकडे पाऊस का नाही?"

श्रोतेहो, या प्रश्नाला मी पूर्ण तास दिला. तो वारा ओमानच्या दक्षिण किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो, त्याला आडवं येणारं तिथे फारसं काही नाही. त्याच्या जोराने किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाजूला सारलं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. आणि वाळवंटावरची कोरडी हवा वर झाकणासारखी बसलेली असते, त्यामुळे ढग उंच वाढूच शकत नाहीत. त्याच किनाऱ्यावरच्या सलालाहच्या डोंगरांत तेवढं धुकं आणि भुरभुर पाऊस पडतो. खरीफ म्हणतात त्याला तिकडे, आपल्या खरीप हंगामातलाच शब्द. तिथे नारळ आहेत, केळी आहेत. मी एकदा गेलो होतो, गाडीतून उतरल्यावर ओल्या मातीचा वास आला आणि काही वेळ मला बोलता आलं नाही. शारजा मात्र या वाऱ्याच्या वाटेवर नाहीच. तोच वारा समुद्रावरून पाणी पीत पुढे येतो, सह्याद्रीला आडवा आपटतो, वर चढतो, गार होतो आणि आपल्या अंगणात कोसळतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, तिकडे शंभरच्या आसपास.

त्या तासाला मी मोबाईलवर एक ध्वनिफीत ऐकवली. वहिनीने आमच्या पडवीत उभं राहून पावसाचा आवाज दोन मिनिटं भरून पाठवला होता, मागच्या पडवीच्या पत्र्यावरचा. मुलं कान देऊन ऐकत होती. एक मुलगी म्हणाली, "सर, कुणीतरी काहीतरी तळतंय का?" बारा-तेरा वर्षं तिकडेच वाढलेली ती मुलगी. पाऊस तिनेही पाहिला होता, पण भलताच. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत जो पाऊस झाला तो तिथल्या १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वात मोठा. अल ऐनजवळ एका ठिकाणी चोवीस तासांत २५४ मिलिमीटर. रस्त्यांवर गाड्या तरंगल्या, शाळा घरूनच भरल्या. पाऊस म्हणजे सगळं बंद पडणं, हेच तिने पाहिलेलं. पावसाने कामाला सुरुवात होते, पाऊस आला की माणसं घराबाहेर पडतात, हे तिला सांगावं लागलं. तरवा काढणं, मेर बांधणं, चिखलणी, लावणी हे शब्द मी तसेच फळ्यावर लिहिले. इंग्रजी माध्यमाचा वर्ग, पण त्या शब्दांना मला दुसरे शब्द द्यावेसे वाटले नाहीत.

घरी त्याच दिवसांत बॅगा काढलेल्या असतात. तीस किलोचं बंधन. सामान तोलायचा हुकाचा काटा आमच्याकडे दाराच्या कडीला अडकवलेला असतो. पूर्वी गल्फहून येणारा माणूस म्हणजे साबण, सेंट, टेपरेकॉर्डर. आता सगळं कणकवलीत मिळतं. आईची मागणी मात्र बदललेली नाही: ॲक्स तेलाची छोटी बाटली आणि टायगर बाम. शेजारच्या काकींना खजूर. बाकी जागा मी रिकामी ठेवतो, परतीसाठी. आमसुलं, कुळथाचं पीठ, आंबापोळी, उकडे तांदूळ आणि मसाला. मसाल्याची गोष्ट सांगायला हवी. मालवणी मसाल्यात खसखस पडते आणि अमिरातीत खसखस न्यायला सक्त मनाई आहे, अफूच्या बोंडातून येते म्हणून. न सांगता सापडली तर माणूस अडचणीत येतो. तेव्हा आई दरवर्षी दोन मसाले करते. एक घरचा, एक माझा, खसखशीविना. बरणीवर खडूने फुली मारलेली असते. चव थोडी वेगळी लागते. शारजात डाळीला फोडणी दिली की तो फरक जिभेला कळतो, आणि आईने कुटताना हाताने बाजूला ठेवलेली ती वाटी डोळ्यांपुढे येते.

पत्नी एका कार्यालयात नोकरीला आहे. तिला कायद्याने वर्षाची तीस दिवस रजा, मला जवळजवळ दोन महिने सुट्टी. म्हणून ती आणि मुलगी नंतर येतात, आधी परततात. या गणिताबद्दल आम्ही दोघं फार बोलत नाही.

आता मी येतो ते कोकण कोणतं, ते ऐका. मे महिन्यात चाकरमानी येतात, त्यांना हापूस मिळतो, फणस मिळतो, जत्रा आणि लग्नं मिळतात. भाद्रपदात येतात, त्यांना गणपती मिळतात. मी येतो आषाढात. आंबा संपलेला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झापांखाली झाकलेल्या, ताटात सुका बांगडा. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर, गाड्या सावकाश चालतात. वीज कधी जाईल सांगता येत नाही. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत.

आणि मला हेच कोकण हवं असतं. पहिल्या दोन वर्षांत मलाही वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण जुलैत घरी माणूस हवं असतं. दादा एकटा, मजूर मिळत नाहीत, आणि पाऊस थांबायला सांगता येत नाही. मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणग्यात, भाताच्या खाचरात, उतरतो. वर्षभर खडू धरलेली बोटं पहिल्या दिवशी तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ नीट धरत नाहीत, तिसऱ्या दिवशी धरतात. दुपारी बांधावर पेज, सोबत टाकळ्याची भाजी. टाकळा तर त्याच दिवसांतला, कोवळा. तो मे महिन्यातल्या पाहुण्याला कुठून मिळणार? आई म्हणते, "आमका पाव्हणो नको, माणूस होयो." तिने हे कौतुक म्हणून म्हटलं नव्हतं, चुलीपुढे बसून सहज म्हटलं होतं.

पण गणपती. तिथे मात्र मनाची समजूत घालता येत नाही.

२०२२ साली आमच्या शाळा उघडल्या २९ ऑगस्टला, गणपती आले ३१ला. २०२५ साली शाळा २५ ऑगस्टला, गणपती २७ला. दोन्ही वेळा दोन दिवसांनी चुकले. घराला चुना काढून झालेला, गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला लाकडी चौकट पुसून ठेवलेली, आणि मी बॅग उचलून अंगणातून बाहेर. अधिक महिना आला की ते आणखी लांब जातात. २०२३ साली अधिक श्रावण होता, चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. एकाच वर्षी, २०२० साली, ती माझ्या सुट्टीत पडली होती, २२ ऑगस्टला. त्या वर्षी करोनामुळे नेहमीची विमानं बंद होती. मी शारजातल्या खोलीत फोन उभा करून आरती ऐकली. टाळ्या वाजवल्या. आवाज मागे-पुढे होत होता, माझी टाळी कधी त्यांच्याबरोबर पडली नाही. तिकडे पुष्कळ मराठी घरांत मूर्ती आणतात, दीड दिवसांनी घरातच बादलीत विसर्जन करतात, मोठ्या भक्तीने करतात. आमच्या घरातली रीत अशी की मूळ घरी गणपती असला की दुसरीकडे मांडायचा नाही. ती मी मोडलेली नाही.

मग माझ्या वाट्याला काय येतं? पाट येतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात. घरोघरचे पाट तिथे आधी पोचवायचे, त्यावरच मूर्तिकार मूर्ती करतात. आमचा पाट फणसाचा, आजोबांच्या वेळचा, खालच्या बाजूला तेलरंगात आमचं आडनाव. पूर्वी वडील तो डोक्यावरून न्यायचे. ते गेल्यावर पहिल्या जूनमध्ये मी शारजाहून फोन केला, इकडचं तिकडचं बोललो, आणि शेवटी विचारलं, पाट दिलात का? आई म्हणाली, "नाय. तुझ्यासाठी ठेवलंय. तू इलस की ने." तेव्हापासून दरवर्षी, वर्गातली हजेरी नऊवर आली की मी हा फोन करतो. उत्तर मला माहीत असतं. तरी करतो.

लावणी उरकली की एका सकाळी पाट धुऊन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मी निघतो. त्या शाळेत पाय ठेवला की शाडूचा ओला वास, माळ्यापर्यंत रांगेने लावलेले गणपती, कुणाला हात नाहीत, कुणाची सोंड अजून बसायची आहे. पावसाळी हवेत माती लवकर सुकत नाही, म्हणून बल्ब लावून ठेवलेले. परतायच्या आधी मी पुन्हा एकदा जातो. आमच्या पाटावर तोपर्यंत मूर्ती उभी असते, करड्या रंगाची, मुकुटाची नक्षी झालेली, डोळे नसलेली. डोळे शेवटी. ती रेखणी मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलेली नाही. मूर्तिकार काका मला दरवेळी पोटाला हात लावून बघायला सांगतात. गार असते ती माती. मी नमस्कार करतो तो तिलाच.

या वर्षी पुतण्या बरोबर आला, दहा वर्षांचा. घरातून निघतानाच म्हणाला, "काका, पाट मी घेतो." मी नाही म्हटलं. वहाळाच्या साकवापर्यंत, ओढ्यावरच्या त्या छोट्या पुलापर्यंत, तो काहीच बोलला नाही, नुसता माझ्या पुढे चालत होता. साकवावर मी थांबलो, त्याच्या डोक्यावर टॉवेलाची चुंबळ ठेवली आणि पाट दिला. मागून चालताना माझा एक हात पाटाला होता. शाळेच्या दारात पोचल्यावर त्याने तो हात काढायला सांगितला.