आमसुलानं काय जातं?

(आमच्या कट्ट्यावर झालेलं बोलणं, थोडं निवडून-पाखडून)

अध्यक्षांनी माझी ओळख 'मत्स्यतज्ज्ञ' अशी करून दिली. मी तज्ज्ञ नाही, मी गळ टाकणारा माणूस आहे. तज्ज्ञाला मासे माहीत असतात, मला फक्त न लागलेले मासे माहीत आहेत.

विषय दिलाय, 'आपल्या तलावातला मासा खावा का?' उत्तर देतोच. पण कोणता तलाव ते विचारू नका. मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी... ठाण्यात तलाव काही कमी नाहीत, आणि गळवाला बायकोला पगार सांगेल, जागा सांगणार नाही. घरापासून सात मिनिटं, एवढंच सांगतो.

बारा वर्षांचा होतो. बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाचा देठ तरंगायला आणि कणकेची गोळी. मोरपीस एकदा थरथरलं, मग आडवं होऊन सरकत निघालं. हाती आली वीतभर चिलापी. (हा मासा मूळचा आफ्रिकेतला, आपल्याकडे 1952 मध्ये आणला. पिल्लं आईच्या तोंडात वाढतात, त्यामुळे कुठल्याही डबक्यात वंश टिकवतो. आपल्यासारखाच, जागा मिळेल तिथे बिऱ्हाड.) मी विजयी वीरासारखा घरी आलो. आई मालवणची. तिच्या लेखी गोड्या पाण्यातला मासा म्हणजे पोहणारा दुधी भोपळा. तिनं तो नाकाशी नेला आणि म्हणाली, "ह्यां काय हाडलंस रे? ह्येका चिखलाचो वास मारता!"

पण पोराचा पहिला मासा. टाकवेना तिला. खवलं काढली, पोटातलं काळं अस्तर बोटानं खरवडून काढलं, मीठ आणि आमसुलाचं आगळ चोळून परातीखाली तासभर झाकून ठेवला. मग हळद-तिखट, तांदळाचं पीठ आणि तवा. वास गेला होता! वडिलांनी काटा चोखत विचारलं, "कुठली गं ही?" आई म्हणाली, "बाजारातली." म्हणजे माझं श्रेयही गेलं. ती तक्रार मी आज इथे जाहीरपणे नोंदवतो.

पुढे कित्येक वर्षं मी हेच करत आलो. तलावाचा रंग हिरवा झाला, काठाला सिमेंट आलं, कारंजं आलं, रात्री निळे-जांभळे दिवे आले. सिमेंट आल्यावर काठचे ते थाळीएवढे खड्डे दिसेनासे झाले, चिलापीचा नर घरटं म्हणून उकरतो ते. 'सुशोभीकरण' म्हणे. माशाला विचारलं होतं का? एकदा तर मला शिट्टी मारून हटकलं, इथे मासे धरायला मनाई आहे. त्याच वेळी शेजारी एका कुटुंबानं निर्माल्य पिशवीसकट पाण्यात सोडलं. त्यांना शिट्टी नाही. असो, अध्यक्ष घड्याळ बघताहेत.

तर मुद्दा. माझी भाची रसायनशास्त्र शिकवते. तिनं सांगितलं, "मामा, त्या चिखलाच्या वासाला जिओस्मिन म्हणतात." पाण्यातले निळे-हिरवे शेवाळी जीवाणू आणि मातीतले काही जीवाणू ते बनवतात. पहिल्या पावसात मातीचा वास येतो ना, ज्यावर आपण कविता करतो, त्यातही तेच! एक लाख कोटी भाग पाण्यात त्याचे पाच-दहा भाग असले तरी नाकाला कळतं. आणि आंबटात ते मोडतं. आई बरोबर होती. पण जिओस्मिन खाऊन कोणी आजारी पडत नाही. आजारी पाडणारी मंडळी वेगळीच आहेत, त्यांना वास नाही. रस्त्यावरून वाहून येणारं शिसं, रंगांतले जड धातू, पारा. पारा माशाच्या मांसातच मुरतो, शिसं आणि कॅडमियम बरंचसं हाडांत, यकृतात, मूत्रपिंडांत. आमसूल, चिंच, कढत तेल, कशानंही ते जात नाहीत. म्हणजे आपण साठ वर्षं चुकीच्या गोष्टीला आगळ चोळत होतो.

पाच मिनिटं? बरं, भरभर सांगतो. एक, मेलेला किंवा पृष्ठभागावर तोंड वर करून धापा टाकणारा मासा उचलू नका. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री तोच वापरतं, म्हणून पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. माशांना तो लिटरला किमान 4 मिलिग्रॅम लागतो. ढगाळ दिवस आणि वर कुजणारी फुलं असली की पहाटेच मासे मरतात, आणि कोणीतरी विष घातलं अशी बोंब होते. दोन, दुसरे मासे खाणारा, मोठा, म्हातारा मासा टाळा, त्याच्यात पारा साठत जातो. मरळ मिळाली म्हणून हुरळू नका. तीन, डोकं आणि पोटातलं टाकून द्या, पण त्यानं मांसातला पारा जात नाही. चार, लहान मुलं आणि गरोदर बायकांना तलावातला मासा नकोच. पाचवा मुद्दा गाळाचा, तो सगळ्यात महत्त्वाचा होता. वरवरचं पाणी कितीही गाळा, हे सगळे धातू खाली गाळात बसलेत आणि चिलापी तोच गाळ उकरते. त्यामुळे तळाचा गाळ तपासल्याशिवाय मी तरी खाणार नाही. हल्ली धरतो, बघतो, सोडतो.

काय म्हणालात? नाही हो, जागा नाही सांगणार. भजनी मंडळ दारात आलंय, पेटी इकडे ठेवा, मी खुर्ची सरकवतो.