चारही टोकं शाबूत

अंगठ्याच्या नखाएवढी ही चांदीची चकती. वजन दीड ग्रॅमही भरत नाही. तेराव्या शतकातल्या इंग्लंडची ही पेनी. अशा 240 पेनी म्हणजे एक पौंड.

खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात ठोकून बसवलेला, त्यावर कोरी चकती, तिच्यावर वरचा ठसा, आणि मग हातोड्याचा घाव. आपली शिवराईही अशीच ठशावर घाव घालून पाडलेली. म्हणून कुठे राजाचा चेहरा एका बाजूला सरकतो, कुठे अर्धं अक्षर चकतीबाहेर जातं. मला अशी तिरकी नाणीच जास्त आवडतात. घाव घालणाऱ्याचा हात त्यांत दिसतो.

आता नाणं उलटं करू. मधे क्रूस, भोवती अक्षरं : 'निकोल ऑन लुंड'. लंडनचा निकोल. नाणं कोणी पाडलं त्याचं नाव नाण्यावरच, म्हणजे चांदी हिणकस निघाली तर कोणाला धरायचं हे ठरलेलं. आणि धरतही असत. पहिल्या हेन्रीने 1124 च्या नाताळात टांकसाळवाल्यांना विंचेस्टरला बोलावून घेतलं आणि त्यांचे उजवे हात तोडवले.

पण टांकसाळीतून खरं निघालेलं नाणं बाजारात खोटं व्हायचं. लोक कातरीने कड हळूच छाटायचे, चांदी साठवायचे आणि उरलेलं नाणं पूर्ण किमतीला खपवायचे. 1180 पासूनच्या पेनीवरचा क्रूस आखूड होता, कडेपर्यंत पोचत नव्हता. कड गेली तरी चटकन कळत नसे. म्हणून 1247 साली तिसऱ्या हेन्रीने क्रूसाचे हात थेट कडेपर्यंत नेले. चारही टोकं दिसली तरच नाणं चालणार.

हाच क्रूस सुट्ट्या पैशांच्याही कामी आला. अर्धी पेनी हवी? क्रूसाच्या रेषेवर कातर चालवा. पाव हवी? पुन्हा एकदा. पहिल्या एडवर्डने 1279 पासून नवी नाणी काढली, गोल अर्धी आणि पाव पेनी सर्रास मिळू लागली, आणि ही कापाकापी थांबली.

असं नाणं हाती आलं, तर दिवाळीला चांदीची भांडी घासतो तसं घासू नका. काळपट झाक राहू द्या. कडेला धरा. आणि राजाचा चेहरा नंतर बघा. आधी उलटं करून टोकं मोजा : एक, दोन, तीन, चार.