चुन्याची भिंत, सागाचं दार

(दृश्य: माजघराची भिंत. कोनाड्याखाली, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत सुटलेले पोपडे.)

पुण्याच्या पेठांमध्ये अशी माजघरं अजून आहेत. भाजलेल्या विटांच्या जाड भिंती, सांध्यात चुना, वर चुन्याचाच गिलावा. पूर्वी सणासुदीच्या तोंडावर या भिंतींना चुन्याचा हात मिळायचा. पुढे डिस्टेंपर आला, मग ऑइल पेंट, मग प्लास्टिक इमल्शन. आधीचा थर काढायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. एक पोपडा कडेनं धरून पाहा: गुलाबी, त्याखाली फिकट हिरवा, पिवळा, आणि अगदी आत पांढरा.

रंग नेमका खालीच का सुटतो? कारण जमिनीतली ओल भिंतीत वर चढते. चुना ती ओल घेतो आणि हवेत सोडून देतो. ऑइल पेंटनं ही वाट बंद होते. पाणी बाहेर पडायला धडपडतं, सोबत क्षार आणतं, आणि रंगाच्या मागे त्या क्षारांचे खडे जमून रंगालाच बाहेर ढकलतात. हाच लोणा.

यावर सिमेंटचा गिलावा करून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. जुन्या घराचं याच्याइतकं नुकसान दुसरं काही करत नसेल. सिमेंटमुळे ओल थांबत नाही. बाहेर पडता येत नाही म्हणून ती आतल्या आत आणखी वर चढते.

म्हणून रंगाचा डबा आणायच्या आधी ओल शोधायची. भिंतीवर फूटभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावा आणि एक-दोन दिवस राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. मग गळका नळ, तुंबलेली पन्हळ, बाहेरच्या बाजूला साठणारं सांडपाणी, जे सापडेल ते आधी दुरुस्त करा. पावसाळा संपला की लगेच भिंत वाळत नाही. दिवाळीच्या आत रंग उरकायचाच, हा हट्ट चुन्याच्या भिंतीला मानवत नाही. फेब्रुवारी ते मे हा खरा हंगाम.

(दृश्य: पोलादी पात्यानं खरवडणारा रंगारी. तोंडाला मास्क. जमिनीवर ओलं फडकं.)

आता खरवड. इथं एक गोष्ट कुणी गंभीरपणे घेत नाही आणि ती घ्यायलाच हवी. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे 2016 साली आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा थर असेल तर तो कोरडा घासू नका, जाळून तर मुळीच काढू नका. पाणी मारून, ओला पॉलिश पेपर वापरून घासा. धूळ झाडून उडवू नका, ओल्या फडक्यानं टिपा. काम संपेपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बाई त्या घरात नकोत.

भिंतीवरच्या लोण्याचं, म्हणजे त्या क्षारांचं, मात्र उलटं आहे. तो कोरड्या ब्रशनंच झाडायचा. पाण्यानं धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात.

भेगा आणि खड्डे चुना-वाळूनं भरा. वरून चुन्याचेच हात. कळीचा चुना पाण्यात टाकला की पाणी उकळायला लागतं, म्हणून डोळ्यांना चष्मा लावूनच तो विझवायचा. मग मुरवायचा, गाळायचा, आणि दुधाइतका पातळ करायचा. भिंत आधी ओली करायची. पहिला हात मारल्यावर काहीच दिसत नाही, आणि इथंच माणूस घाबरून दाट चुना फासतो. तोच पुढे अंगाला लागतो. धीर धरा. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचा पुन्हा दगड बनतो, आणि पांढरेपणा तेव्हाच उमटतो. रंगाची छटा हवी असेल तर काव, पिवळी माती किंवा नीळ, कारण चुन्याच्या तिखट क्षारापुढे हे टिकतात.

ज्या खोल्यांना आधीपासून सिमेंटचा गिलावा आहे आणि भिंत कोरडी आहे, तिथं नेहमीचंच काम: घासाई, प्रायमर, पुट्टी, पुन्हा घासाई, पुन्हा प्रायमर, इमल्शनचे दोन हात.

(दृश्य: बिजागऱ्यांवरून उतरवून आडवं ठेवलेलं सागाचं दार. पितळी कड्या बाजूला.)

दारावर नेमकं काय चढवलंय ते आधी ओळखा. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा कोपऱ्यात चोळा. थर मऊ होऊन तपकिरी उतरला तर ते लाखेचं पॉलिश. तसं असेल तर सगळं खरवडायची गरजच नाही. स्वच्छ करून वरून पॉलिशचे नवे हात देता येतात, आणि सागाच्या रेषा दिसत राहतात. चांगल्या सागावर रंग थापणं आम्हाला तरी पटत नाही.

ऑइल पेंटच द्यायचा असेल तर लाकूड रेषांच्या दिशेनं घासा. सागात स्वतःचं तेल असतं, म्हणून थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर प्रायमर धरत नाही. खिळ्यांच्या भोकांत लांबी, म्हणजे लाकडात भरायची पुट्टी, भरा. आणि दाराची खालची-वरची कड विसरू नका. पावसाळ्यात दार फुगतं ते बहुतेक या उघड्या कडांतून पाणी प्यायल्यामुळे. फुगलेल्या दारावर पावसात रंधाही मारू नका, हिवाळ्यात तेच दार सैल पडतं.

लाकडाला जवसाचं तेल लावलं असेल, तर त्यात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

शेवटचा हात बोटाला कोरडा लागला, तरी आतून रंग ओलाच असतो. घाईनं दार लावलं तर ते चौकटीला चिकटतं आणि उघडताना सालपट निघतं. आठवडाभर दार भिंतीला टेकवून ठेवा, कड्या घासून घ्या, आणि मगच बिजागऱ्या बसवा.